रोज पळणाऱ्या गाडीला कोटिंग कुठलं करावं? वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक की पीपीएफ?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवीन गाडी येतेय, रंग गडद निळा. आमच्या घरातली ही पहिलीच नवी कोरी गाडी, आजवर दोन्ही सेकंड हँड वापरल्या. राहायला वाकड, नोकरी चाकणला. रोज भोसरी-मोशीमार्गे जाऊन-येऊन ५०-५५ किमी, आणि पुढे-मागे कायम खडीचे डंपर. सोसायटीत पार्किंग उघड्यावर, डोक्यावर रेन ट्री. कंपनीतही शेड नाही. म्हणजे दिवसभर ऊन आणि पहाटेपासून कावळे.

शोरूमवाल्याने बुकिंगच्या कागदावरच 'पेंट प्रोटेक्शन' म्हणून १२,००० लिहून ठेवलेत. विचारलं तर म्हणाला टेफ्लॉन आहे. मेहुणा म्हणतो सिरॅमिक कर, त्याने ३२,००० दिले. ऑफिसातला मित्र म्हणतो करायचं तर पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) कर, नाहीतर काहीच करू नको. पीपीएफचं कोटेशन आणलं तर अख्ख्या गाडीचे १ लाख १० हजार. गाडीच साडेबारा लाखांची.

गाडी १० वर्षं वापरायची आहे. शोकेसमध्ये ठेवायची नाही, पण ३ वर्षांत तिचा रंग विटलेला बघायचाही नाही. ज्यांनी स्वतः काही करून घेतलंय त्यांनी २-३ वर्षांनंतरचा अनुभव सांगा. केल्या केल्या तर सगळ्याच गाड्या चमकतात.

डब्बलचहा
वाचनखूण साठवली. आमचीही दिवाळीत येतेय. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

सागरगोटा
अभिनंदन! पहिलं काम, ते १२,००० कागदावरून खोडायला लावा. ते सक्तीचं नसतं. मी माझ्या वेळी ठाम नाही म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला ती ओळ गेली.

टेफ्लॉनबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसवायला साडेतीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. एवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. त्यामुळे गाडीवर 'टेफ्लॉन' म्हणून जे चोळतात तो खरं तर पॉलिमरचा सीलंट असतो. तो वाईट नाही, ३-४ महिने पाणी छान घरंगळतं. पण तसाच सीलंट ७००-८०० च्या बाटलीत मिळतो आणि घरी अर्ध्या तासात लावून होतो.

घाटमाथा
माझा सिरॅमिकचा अनुभव. गाडी काळी, अडीच वर्षं झाली, २८,००० दिले. पहिलं वर्ष खरोखर सुख होतं. पावसात बॉनेटवर थेंब असे पळायचे, अळवावरचं पाणी म्हणतात ते रोज बघत होतो. चिखल नुसत्या पाण्याच्या धारेने निघायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात भानगड झाली. आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९०० च्या वर दाखवतं. गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की प्रत्येक थेंब जिथल्या तिथे सुकतो आणि त्याच्या जागी पांढरं कडं उरतं. सिरॅमिकवर थेंब टपोरे, गोल उभे राहतात, त्यामुळे कडी उलट जास्तच ठळक. बॉनेटवर तर देवीचे व्रण असावेत तसं दिसत होतं. शेवटी परत पॉलिश करावं लागलं, आणि पॉलिश केलं म्हणजे तिथलं कोटिंग गेलं.

वॉरंटी ५ वर्षांची होती. पण दर ६ महिन्यांनी त्यांच्याकडेच २,००० देऊन मेंटेनन्स करायचा ही अट बारीक अक्षरात. माझी एक खेप आई हॉस्पिटलमध्ये होती म्हणून चुकली, वॉरंटी रद्द. स्टुडिओचं नाव सांगत नाही, पण सगळ्यांनी सही करण्याआधी तो कागद वाचा.

पिंपळपार
@घाटमाथा, अगदी हेच आमच्याकडे झालं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओल्या फडक्याने २-३ मिनिटं लावून ठेवायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. ताजी कडी जातात. महिनाभर भाजलेली जात नाहीत. आणि हे सावलीत, पत्रा गार असताना.

उनाडपाऊस
पीपीएफवाला बोलतोय. दोनदा करून घेतलं, एकदा फसलो, एकदा समाधानी.

पहिल्या गाडीला स्वस्तातलं लावलं, ३५,००० ला अख्खी गाडी. ते पीव्हीसी निघालं. दीड वर्षात पांढरी गाडी जुन्या पुस्तकाच्या पानांसारखी पिवळी पडली, आणि काढताना दोन ठिकाणी गोंद तसाच राहिला. त्याहून वाईट म्हणजे दरवाज्यांच्या कडेला ब्लेडच्या रेषा. लावणाऱ्याने फिल्म गाडीवर ठेवून तिथेच कापली होती, खाली रंगापर्यंत चिरा.

दुसऱ्या वेळी शहाणपण वापरलं. फिल्म टीपीयूचीच (लवचिक पॉलियुरेथेन प्लॅस्टिक) हवी हे आधी पक्कं केलं. ही फिल्म मुळात व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खडीपासून वाचवायला थ्रीएमने बनवलेली, त्यामुळे खडे झेलणं हेच तिचं जन्माचं काम. आणि कटिंग मशीनवर आधीच बेतून आणलेले तुकडे लावणारा शोधला. फक्त पुढचा भाग केला: बंपर, बॉनेट, दोन्ही आरसे, हेडलाइट, दरवाज्यांच्या कडा आणि हँडलमागच्या वाट्या. ३४,००० झाले. पुणे-कोल्हापूर पंधरवड्याला एक फेरी, ३ वर्षं. बंपरवर फिल्मला बारीक खड्डे दिसतात, रंगाचा एकही टवका उडालेला नाही.

कोयनाकाठ, तुमच्या पुढे डंपर आहेत. सिरॅमिकने खडा थांबत नाही, हे लिहून घ्या.

घाटमाथा
पण मला स्टुडिओत '९एच' म्हणाले होते, दगडाने पण ओरखडा उठत नाही, लायटर लावून दाखवला!

इंद्रायणी७
रंगाच्या रसायनांतच नोकरी करते म्हणून लिहिते. ९एच हे पेन्सिलीच्या टोकाचं माप आहे. ठरावीक दाबाने वेगवेगळ्या पेन्सिली कोटिंगवर ओढतात, सगळ्यात कडक ९एच पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर ते कोटिंग ९एच. खनिजांचा कडकपणा मोजायच्या ज्या मोह्स मापात हिरा १० वर असतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. साध्या वाळूतला गारगोटीचा कण मोह्स मापावर ७ असतो, पेन्सिलीच्या शिशाहून कितीतरी कडक. त्यामुळे धुळकट फडक्याने ९एच कोटिंगवरही चरे पडणारच.

जाडी बघा. सिरॅमिक म्हणजे मुख्यतः सिलिकाचा थर, सुकल्यावर १-२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉन. खडा लागतो तेव्हा तो धक्का जिरवायला जाडी आणि लवचिकपणा लागतो. काचेसारखा पातळ कडक थर तिथे काही करू शकत नाही. पण केमिकल सहन करणं, घाण चिकटू न देणं, चमक, यात सिरॅमिक वॅक्सच्या खूप पुढे आहे, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून काढतात ते कारनौबा वॅक्स दिसायला सुंदर, पण आपल्या पावसात एक-दीड महिना टिकलं तरी खूप. आणि ते ८५ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात उन्हातल्या बॉनेटला हात लावून बघा, वॅक्सची काय परीक्षा होत असेल ते कळेल.

डब्बलचहा
इंद्रायणीताई, ग्राफीन कोटिंगचं काय? आमच्या इथे सिरॅमिकपेक्षा ८,००० जास्त सांगतात.

इंद्रायणी७
बहुतेक बाटल्यांत मूळ माल सिरॅमिकचाच आणि त्यात चिमूटभर ग्राफीन ऑक्साइड. मी माझ्या पैशाने त्यासाठी वेगळे ८,००० देणार नाही.

पेंटवाला_नाना
मंडळी, नाशिकला अंबडमध्ये डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे माझं, ३१ वर्षं झाली. मुलगा टाइप करतोय, मी सांगतोय.

आधी पत्र्यावर काय काय असतं ते बघू. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात, तो गंजापासून वाचवतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास. म्हणजे दोन केसांपेक्षा कमी जाडीत गाडीची सगळी अब्रू. त्यातला क्लिअरकोट ४० मायक्रॉन धरा. चमक त्याची, आणि ऊन सोसतो तोही तोच.

आता सिरॅमिक लावायच्या आधी आम्ही काय करतो? चरे काढायला कंपाउंड लावून मशीन फिरवतो. त्यात क्लिअरकोटचे २-३ मायक्रॉन जातात. हात जड असेल तर ५. एकदा केलं, हरकत नाही. पण दर वर्षी 'रबिंग-पॉलिश' करून घेणारे लोक आहेत. सहाव्या-सातव्या वर्षी त्यांच्या बॉनेटच्या कडेला रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटतात आणि मग ते कंपनीला नावं ठेवतात. जे घासून गेलं ते परत येत नाही, नवा रंगच मारावा लागतो. आणि कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाची सर आमच्या गॅरेजच्या रंगाला येत नाही, हे मी रंगारी असून सांगतो.

खरा प्रश्न, चरे येतात कुठून? मागच्या आठवड्यात एक गाडी आली, ८ महिन्यांची, सिरॅमिक केलेली. उन्हात उभी केली तर बॉनेटवर सूर्याच्या भोवती कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल चरे. मालक म्हणाले, नाना, कोटिंग खोटं निघालं. मी विचारलं, गाडी पुसतं कोण? सोसायटीतला मुलगा, सकाळी ६ ला येतो, एक बादली, एक फडकं, चौदा गाड्या. म्हटलं ते फडकं घेऊन या. आणलं. पांढऱ्या तसराळ्यात पाणी घेऊन त्यात पिळलं आणि पाच मिनिटं तसंच ठेवलं. तळाला चिमूटभर वाळू बसली. मालकांनी ती बोटाने चोळून बघितली आणि काही बोललेच नाहीत.

त्या मुलाचा दोष नाही. महिन्याला ५०० रुपयांत तो रोज पुसतो, त्याने किती फडकी आणावीत? तुम्ही द्या त्याला फडकी. रोज पुसू नको म्हणून सांगा. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारणंच आहे. आठवड्यातून एकदा धू, पण नीट धू.

कोटिंग कुठलं हे नंतर. आधी फडकं बदला.

सागरगोटा
नानांना साष्टांग नमस्कार. तसराळ्यातली वाळू डोळ्यांसमोरून जात नाहीये. आत्ता खाली जाऊन आमच्या मुलाला ४ मायक्रोफायबर देऊन आलो.

माऊची_आई
नाना, तुमचं म्हणणं पटलं, तरी वेगळं मत मांडते. 'नीट धू' हे म्हणायला सोपं आहे. मी ठाण्यात राहते, सकाळी ७.१० ला निघते, रात्री ८ ला घरी. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी, बादलीने पाणी खाली न्यायचं तर चौथा मजला. रविवार मुलीचा आणि सासूबाईंच्या डॉक्टरांचा. माझ्यासाठी सिरॅमिक म्हणजे चमक नव्हे, वेळ आहे. २२,००० दिले, पावणेदोन वर्षं झाली. पावसाळ्यात गाडी आपोआप बरीच स्वच्छ होते, उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पेट्रोलपंपाजवळच्या वॉशिंग सेंटरला २० मिनिटांत प्रेशरने धुऊन निघते, पुसावं फारसं लागत नाही. चरे आहेत, चंदेरी रंगात दिसत नाहीत. वर्षाला १०-१२ हजार देऊन माझे रविवार वाचले, मला हा सौदा परवडला.

ज्याला गाडी धुण्यात आनंद आहे त्याने वॅक्स लावावं. ज्याच्याकडे वेळ नाही त्याला कोटिंगची गरज जास्त आहे.

पेंटवाला_नाना
ताई, बरोबर बोललात. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रेशरने धुता आणि कमी पुसता, म्हणून तुमचं कोटिंग टिकलंय. फक्त गाडीवर फिरणाऱ्या ब्रशच्या सेंटरला जाऊ नका.

मांजराकाठ
लातूरकर बोलतोय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांच्याकडून पाइप लावून गाडी धुववत नाही. पाणी वाहताना बघितलं की पोटात कालवतं. तेव्हा तर कित्येक महिने गाडीला पाणी लागलंच नव्हतं, काचेवरची धूळ तेवढी पुसायचो.

आता मी बिन-खंगाळायचा शाम्पू वापरतो. ५ लिटर पाण्यात झाकणभर टाकायचा. ८ छोटी मायक्रोफायबर फडकी त्या पाण्यात भिजत घालायची. फवारणीच्या बाटलीने तेच पाणी आधी गाडीवर मारून धूळ ओली करायची. मग एक फडकं, एक पॅनल, एकाच दिशेने. वापरलेलं फडकं परत बादलीत घालायचं नाही. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. वरून खाली यायचं, चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी. ५ लिटरमध्ये अख्खी गाडी, अर्धा तास. चिखलाने माखली असेल तेव्हा मात्र हे चालत नाही.

@माऊची_आई, चौथ्या मजल्यावरून ५ लिटर नेता येतील. बघा जमलं तर.

माऊची_आई
हे जमेल! मांजराकाठ, मनापासून धन्यवाद. शाम्पूचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रत्नांग्रीकर
तुम्ही सगळे वरून बघताय, आमच्याकडे गाडी खालून जाते. खारा वारा आणि चार महिने पाऊस. कोकणातल्या माणसाने ३०,००० वर घालण्याआधी खाली बघावं. पत्रा फुगायला सुरुवात कुठून होते माहितीये? दरवाज्यांच्या खालच्या शिवणीतून. तिथे पाणी निघायला बारीक भोकं असतात. जांभ्याची लाल माती त्यात जाऊन बसते, पाणी आत साठतं, आतून गंज. दर पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या काडीने ती भोकं मोकळी करा. फुकटातलं काम आहे.

अंडरबॉडी कोटिंग करणाऱ्याला बजावून सांगा की ही भोकं बुजवायची नाहीत. माझ्या भावाच्या गाडीची बुजवली होती, तिसऱ्या पावसाळ्यात दरवाजा खालून पोळीसारखा फुगला.

आणि बॉनेटवर टवका उडून पत्रा दिसला तर वाट बघू नका. आमच्याकडे आठवड्यात तिथे लाल ठिपका येतो. टच-अपची छोटी बाटली गाडीतच असते.

बर्फाळ
टोरंटोहून. रत्नांग्रीकरांशी १००% सहमत. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. वरच्या चमकेकडे कुणी फारसं बघत नाही, दरवर्षी थंडीआधी गाडीच्या खाली आणि पोकळ भागांत तेलासारखं गंजरोधक फवारून घेतात. दोन दिवस पार्किंगमध्ये तेल ठिबकतं, पण १२-१५ वर्षांच्या गाड्या पळताना दिसतात. कोकणातही असं तेल किंवा वॅक्स फवारणारा मिळाला तर रबरासारख्या जाड काळ्या थरापेक्षा बरं. तो थर कुठे फाटला की पाणी आत शिरतं आणि गंज दिसतही नाही.

पिंपळपार
कव्हर घातलं तर? ३,००० त काम. धूळ नाही, कावळा नाही.

घाटमाथा
रोजच्या गाडीला नको. धुळीवर कव्हर चढवलं आणि वारा सुटला की रात्रभर घासत बसतं. पावसात ओलं कव्हर तर आणखी वाईट, खाली दमटपणा कोंडतो. महिनाभर गावाला जाणार असाल, गाडी धुऊन कोरडी केली असेल आणि आडोशाला असेल तर घाला.

कोयनाकाठ
बापरे, किती शिकलो दोन दिवसांत! सगळ्यांचे आभार. थोडे प्रश्न उरलेत. १) कावळ्यांचं काय करू? २) रेन ट्रीचे चिकट थेंब? ३) पीपीएफ लावलं तर आरटीओची काही भानगड होते का, आणि इन्शुरन्समध्ये धरतात का?

उनाडपाऊस
तिसऱ्याचं उत्तर मी देतो. पारदर्शक पीपीएफने गाडीचा रंग बदलत नाही, त्यामुळे काही प्रश्न नाही. रंग बदलणारं रॅप लावलंत तर आरटीओकडून आरसीवरचा रंग बदलून घ्यावा लागतो. इन्शुरन्समध्ये पीपीएफ वेगळं लिहून घेतलं नसेल तर अपघातानंतर पॅनलचा रंग मिळतो, फिल्मचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून अख्ख्या गाडीला लाख घालण्याआधी विचार करा. बिल मात्र जपून ठेवा.

इंद्रायणी७
कावळ्याबद्दल. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. उन्हात क्लिअरकोट तापून किंचित मऊ होतो, वर विष्ठा सुकून कडक होते, रात्री सगळं आक्रसतं आणि तिथे डाग कोरला जातो. वॅक्स असो, सिरॅमिक असो, त्याने तुम्हाला काही तास जास्त मिळतात, माफी मिळत नाही. दारात पाण्याची फवारणीची बाटली आणि टिश्यू ठेवा. ओला टिश्यू त्या जागी १० मिनिटं ठेवायचा आणि मग उचलायचा. घासायचा नाही. विष्ठेत बिया आणि कच असते, घासलं की चरा ठरलेला.

झाडाच्या चिकाचंही तसंच, लवकर आणि कोमट पाण्याने. वाळून खडा झाला असेल तर नखाने खरवडू नका, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) वापरा, भरपूर शाम्पूचं पाणी लावून.

सागरगोटा
आमच्या सासऱ्यांनी नव्या गाडीच्या दरवाज्यांचं प्लॅस्टिक तीन वर्षं काढलं नाही. आम्ही सगळे हसायचो. मागच्या महिन्यात काढलं तर आतून दरवाजे आजच कारखान्यातून आल्यासारखे. आता आम्हीच त्यांच्याकडे पीपीएफचा सल्ला मागतोय.

पेंटवाला_नाना
कोयनाकाठ, तुमच्यासाठी एक सांगतो. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमला आधी फोन करून सांगा, गाडी धुऊ नका, पॉलिश मारू नका, धूळ असली तरी चालेल. तिथे घाईघाईत तेच फडकं वीस गाड्यांवर फिरतं. नव्या गाडीत चरे पहिल्या दिवशीच येतात, आणि मग डिटेलिंगवाला म्हणतो, 'साहेब, करेक्शन लागेल,' म्हणजे मशीन पॉलिश.

आणि दिवसा उजेडात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून प्रत्येक पॅनल बघा. यार्डात घासलेली गाडी परत रंगवून दिल्याचं मी बघितलंय. जाडी मोजायचं मीटर असलेला ओळखीचा कुणी असेल तर घेऊन जा. पत्र्यावर सगळीकडे १००-१३० आणि एकाच दरवाज्यावर २५० दाखवलं तर विचारा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही. परत रंगवलेल्या भागावर पीपीएफ लावायचं असेल तर लावणाऱ्याला आधी सांगायचं, नाहीतर काढताना फिल्मबरोबर रंग निघून येतो.

डब्बलचहा
नाना, यावर तुम्ही एक वेगळा धागाच काढा. खूप जणांचे पैसे वाचतील.

कोयनाकाठ
मंडळी, दोन महिन्यांनी परत आलोय. काय केलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

१२,००० खोडायला लावले. त्यांनी बदल्यात मॅट फुकट दिलं. गाडी न धुता घेतली, धुळीने पिवळी होती, आईने विचारलं, ही नवीन ना रे? घरी आणून मांजराकाठांच्या पद्धतीने पहिल्यांदा मीच स्वच्छ केली. टॉर्चखाली एकही चरा नव्हता, त्यामुळे मशीन पॉलिशची गरजच पडली नाही.

मग पीपीएफ फक्त बंपर, बॉनेट, आरसे, दाराच्या कडा आणि हँडलच्या वाट्या. मशीनवर कापलेलं, टीपीयूचं. ३८,००० झाले. बाकी गाडीवर सीलंट, घरीच, दर तीन महिन्यांनी लावणार. ते सामान, फडकी, शाम्पू मिळून ३,१०० चं. सिरॅमिक तूर्त नाही. आमचंही पाणी बोअरचं आहे, घाटमाथांचा अनुभव वाचून धीर झाला नाही. बदली होऊन चांगल्या पाण्याच्या गावी गेलो तर बघू.

गाडी पुसणाऱ्या दादांना १० फडकी दिली, दोन रंगांची. निळी वरच्या भागाला, करडी खालच्या भागाला आणि चाकांना. आधी त्यांना वाटलं मी कामावर नाराज आहे. मग नानांचा तसराळ्याचा प्रयोग त्यांच्यासमोर केला. वाळू बघून तेच म्हणाले, सगळ्याच गाड्यांना अशी फडकी मिळाली तर बरं होईल. आता आमच्या विंगमधल्या ६ जणांनी दिलीत.

मागच्या मंगळवारी मोशीला डंपरमधून खडा आला. आवाज एवढा मोठा झाला की मी गाडी बाजूला घेतली. बॉनेटवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण, बोट फिरवलं तर फिल्मला खळगा. खाली निळा रंग तसाच. उनाडपाऊस, तिथे उभा राहून तुमची आठवण काढली.

उनाडपाऊस
फार बरं वाटलं वाचून.

कोयनाकाठ
आता एक शेवटचा प्रश्न, आणि हा आईचा आहे. येत्या दसऱ्याला तिला बॉनेटवर हळद-कुंकवाने स्वस्तिक काढायचं आहे. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरच्या नव्या गाडीची पूजा करायची म्हणून केव्हापासून ठरवलंय, मी नाही म्हणणार नाही. फिल्मला डाग पडेल का?

पेंटवाला_नाना
अजिबात नाही म्हणू नका. आईंना मनासारखी पूजा करू द्या.

आदल्या दिवशी गाडी धुऊन सीलंट लावून ठेवा, पीपीएफवरही चालतो. कुंकू कोरडं चोळायचं नाही, त्यात कच असते. वाटीत पाण्यात कालवून अनामिकेने काढा. नारळ गाडीपासून दूर, जमिनीवर फोडा, दरवर्षी बंपरला लागलेल्या दोन-तीन गाड्या येतात माझ्याकडे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून स्वस्तिक उचलून घ्या, रात्रभर ठेवू नका, दव पडलं की रंग ओघळतो. हळदीची पिवळी झाक राहिली तर घासू नका, दोन-तीन दिवसांच्या उन्हात आपोआप जाते. कुंकवाची तशी जात नाही, म्हणून कुंकू आधी टिपा.

आणि झेंडूचा हार बांधताना एक बघा. बाजारच्या हारांत पुष्कळदा बारीक तार असते, ती चालत्या गाडीत दिवसभर बॉनेटच्या कडेला घासते. आईंना सांगा, हार घरीच सुतळीत ओवा.